सशाची खुंटी

बालवाडीची शिक्षिका व्हायचं म्हणून सोलला शिकणारी हान्बित उन्हाळी सुट्टीत गावी आली. सकाळी तिच्या लहानपणीची तीच पिवळी गाडी दारात थांबली. आईने दप्तरात कलिंगडाच्या फोडी भरल्या आणि दटावलं, "रडायचं नाही हं. डबा संपवायचा."

हान्बित सोबत गेली. बालवाडीत जुन्या बाई अजून होत्या. त्यांनी दप्तर सशाचं चित्र असलेल्या खुंटीला अडकवलं. ती खुंटी एकेकाळी हान्बितची होती.

"कितवं वर्ष गं तुझं?"

"शेवटचं, बाई."

"मग शिकवायला पोरं कुठून आणशील? गावात पाळणा हलून किती वर्षं झाली! आता इथे दिवसभर म्हातारी माणसंच सांभाळते मी."

हान्बित निघाली, तशी सशाच्या खुंटीखाली बसलेल्या आजीने तिचा हात घट्ट धरला.


"संध्याकाळी मला न्यायला येशील ना गं, आई?"