चिंध्यांचा कानोबा

सोजरबाईने कापसाचा बोळा पुन्हा उकलला. आत एक सरकी राहून गेली होती. अडीच वर्षांच्या पोराच्या घशात अडकायला तेवढी पुरे.

केनवडात गोकुळाष्टमीला घरोघरी मातीचा कानोबा बसे, सोबत यशोदा आणि गाई. सोजरबाईचा यंदा चिंध्यांचा. पोर हाताला लागेल ते तोंडात घालायचं; परवाच त्याने चुलीतला कोळसा मोठ्या चवीने खाल्ला होता. म्हणून देवाच्या डोळ्यांना गुंजा नव्हत्या, काळ्या दोऱ्याचे टाके होते. गाईंना बाभळीच्या काट्यांची शिंगं नव्हती, पिळलेली चिंधी होती. पिवळा रंग हळदीचा. एकेक गाठ ती दातांनी ओढून पाहत होती.

"देवाले इतकं चावते का कोणी?" तिचा नवरा रामकिसन दारातून म्हणाला.

"उद्या तो चावीन. तवा पाहाले मी राहीन का तिथं?"

दुपारी प्रयागबाई पोराला न्यायला येणार होती.

प्रयागबाई तिची धाकटी बहीण, किन्हीराजा गावी दिलेली. तिची तीन लेकरं पाठोपाठ गेली. त्रेपन्न सालच्या थंडीत दोघी बहिणी एकाच महिन्यात बाळंत झाल्या, तेव्हा प्रयागबाईने बाराव्या दिवशी आपलं बाळ सोजरबाईच्या पदरात टाकलं. नाव ठेवलं दगडू, म्हणजे दृष्ट लावणारालाही लाज वाटावी. अडीच वर्षं आईने तोंड पाहायचं नाही, मग पायलीभर ज्वारी देऊन लेकरू परत घ्यायचं, अशी रीत. सोजरबाईचा स्वतःचा शालिग्राम होताच. दोघांना तिने एकाच पाळण्यात घातलं, अंगावर पाजलं; गावाला ती जुळीच वाटत.

गेल्या उन्हाळ्यात गोवर आला तेव्हा ती सगळी शेतातल्या झोपडीवर होती. दोनातलं एक पोर तिथेच गेलं. रामकिसन किन्हीराजाला सांगायला गेला आणि मान खाली घालून परतला. मग गावातल्या बाया सोजरबाईच्या गळ्यात पडून शालिग्रामसाठी रडल्या. तीही रडली. अजून रडत होती, फक्त आता कोणाला दिसत नव्हतं.

दुपारी गाडी आली. प्रयागबाई पायली पोटाशी धरून उंबऱ्यातच अडली. तिला वर बघवेना.

"पाहू का, बाई?"

"पाह्य ना. भरले अडीच वर्षं."

पोर सोजरबाईच्या लुगड्याआड उभं होतं. चिंधीच्या यशोदेचं डोकं त्याच्या तोंडात होतं. प्रयागबाई मटकन खाली बसली, हसली आणि रडली.

"म्या नुसता जलम देला, बाई. यशोदा तूच. तुहं पोर गेलं, अन् माह्यं तू जपलं. तुहे उपकार कसे फेडू?"

सोजरबाई भराभर बोलत सुटली. "झोपताना त्याचा कान खाजवजो. भाकर दुधात कुस्करून दे. हा कानोबा चावू दे त्याले, याचा दोरा निंघत नाही. गुंज नोको देजो, सरकी नोको..."

"हो बाई, हो."

ज्वारी पदरात पडली. पोराने "माय!" म्हणून टाहो फोडला, तेव्हा दोघींनीही हात पुढे केले. सोजरबाईने आपले मागे घेतले. गाडी वळणाआड गेली तरी रडणं ऐकू येत होतं.

रामकिसन तिच्याजवळ येऊन बसला.

"त्या रोजी प्रयागचं तोंड पाह्यलं अन् भलतंच बोलून गेलो मी. चूक माही हाये. गाडी अजून नाल्यापाशीच असन. धावत जाऊन सांगू तिले?"

"काय सांगता?" सोजरबाई म्हणाली. "गोवरानं गेला तो तिचा दगडू व्हता, अन् नेऊन राह्यली तो आपला शालिग्राम हाये म्हणून?"