डबीवरचं नाव

ट्वायला घोड्यावर खोगीर चढवून शेडमध्ये आली, तेव्हा तिच्या बापाची अठरा काडतुसं भरून झाली होती. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ती ओळीने उभी होती आणि ऑर्विल स्टेन्सरुड फडक्याला हात पुसत होता. वय एकोणऐंशी. त्यातली पन्नास वर्षं याच बाकाशी गेलेली.

"झाली," तो म्हणाला. "घे आणि नीघ. ऊन आहे तोवर वर पोचशील."

वर म्हणजे डोंगरातलं कुरण. स्टेन्सरुडांच्या चारशे मेंढ्या तिथे होत्या, आणि मागच्या आठवड्यात अस्वलाने राखणीचा कुत्रा फाडला होता. ट्वायलाच्या कमरेला एक्केचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यात शेवटच्या चार गोळ्या.

त्या वर्षी मोंटानात साधी काडतुसंही मिळत नव्हती. एक्केचाळीसचं नाव काढलं की दुकानदार हसायचे. "बापाला सांग, चारचौघं वापरतात तसलं घे," एकाने तिला ऐकवलं होतं. घरात उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या डबाभर होत्या, शिसंही होतं. पुंगळीच्या बुडाशी बसवायच्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या मात्र चार तालुके पालथे घातल्यावर आर्डिथ कोल्स्टॅडबाईंच्या कपाटात निघाल्या. त्या एका डबीसाठी ट्वायलाने बाईंच्या बावीस मेंढ्या कातरून दिल्या होत्या. बंदुकीची नेहमीची दारू तर मिळालीच नाही. हाती लागली ती जहाल, चिमूटभरच घालायची. तेवढ्या दारूने पुंगळी अर्धीसुद्धा भरत नसे.

ट्वायलाने ठोकळा उचलला आणि तिची नजर फळीवर गेली. तराजूवर धूळ तशीच होती.

"तोलून नाही भरलीत?"

"माप आहे की. हाताला कळतं."

तो हात बाकाच्या कडेला धरलेला होता आणि तरीही हलत होता. तिने दुसरीकडे पाहिलं.

"मध्ये कोणी आलं होतं का, बाबा?"

"कोण येतंय? तुझ्या भावाचा फोन आला. पाच मिनिटं बोललो असेन." त्याने फडकं खुंटीला अडकवलं. "निघताना कॉफी पिऊन जा. मी ठेवतो."

तो घराकडे गेला. ट्वायला दारापर्यंत गेली, परत आली. बाहेर घोडा खूर आपटत होता. भरलेल्या काडतुसात दारू किती पडली, ते वरून पाहून कळत नाही. तराजूवर ठेवलं तरी खात्री नाही, शिशाच्या वजनात फरक असतोच. तिने खणातून काडतूस उकलायचा हातोडा काढला, पहिलं काडतूस त्याच्या पोकळीत बसवलं आणि ओंडक्यावर आपटलं. ठक, ठक, ठक. तिसऱ्या ठोक्याला शिसं सुटलं. तिने दारू कागदावर ओतून तोलली. बरोबर होती.

दुसरंही बरोबर. तिसरंही. तिला स्वतःचाच राग येऊ लागला, पण हात थांबेना.

चौथ्याला ऑर्विल दारात उभा होता. हातात दोन कप होते. त्या आवाजाचा अर्थ त्याला कोणी सांगायला नको होता.

"कितवं?"

"चौथं. तिन्ही ठीक निघाली, बाबा. मी आपलं उगीच..."

"फोड."

"राहू दे ना."

"अठराच्या अठरा फोड, ट्वायला."

तो कप ठेवून तिच्या शेजारी उभा राहिला. ती आपटत गेली, तोलत गेली. दहा. अकरा. कॉफीवर साय धरली. बारा आणि तेराही बरोबर. चौदावं उघडलं तर आत काहीच नव्हतं. तिने पुंगळी उपडी केली, झटकली. कोरडी.

"आता पंधरावं," तो म्हणाला. काय निघणार ते त्याला उमगलं होतं.

पंधराव्यातली दारू कागदावर पसरली ती दोन मापांची होती; फोनच्या नादात चौदाव्याचं मापही त्यातच पडलं होतं.

ऑर्विलने तिचा उजवा हात धरला, पालथा केला, उताणा केला आणि काटा रुतलाय का पाहावं तसा एकेक बोट बघत राहिला. मग सोडला.

"हे फुटलं असतं तुझ्या हातात," तो म्हणाला. "अस्वलाची गरजच नव्हती."

उरलेली तीन बरोबर निघाली. त्याने फळीवरचा तराजू फुंकून बाकावर ठेवला, बसायचं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. ट्वायलाने एकेक चिमूट तोलून अठराही पुंगळ्या भरल्या. दर खेपेला तो बॅटरीचा उजेड आत टाकून पाही आणि "हं" म्हणे. हात लावला नाही. तिने शिसं बसवलं, पुंगळ्यांची तोंडं दाबली. डोंगराची सावली कुंपणापर्यंत आली होती.

काडतुसं डबीत गेली. ज्याने भरली त्याने डबीवर तारीख आणि नाव घालायचं, अशी त्या बाकावरची रीत होती. त्याने पेन्सिल पुढे केली. ट्वायलाने तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, ऑर्विल.

त्याने डबी खिडकीपाशी नेऊन वाचली. मग बाकावर टेकवून आपलं नाव खोडलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत, सावकाश, तिचं लिहिलं.

"इथे खोटं लिहायचं नसतं," तो म्हणाला.