वरचं खाचर

रानडुकराने या खेपेला खालचं खाचर लोळवलं होतं. भात नुकता दुधात आलेला. लोंब्या चघळून चोथा थुंकला होता आणि मधोमध चिखलात मनसोक्त लोळून गेला होता मेला.

"वास येतोय का?" किनु बांधावर उकिडवी बसून म्हणाली. "हा भात आता कोंबड्यासुद्धा खायच्या नाहीत."

इसामु लोळवलेल्या लोंब्या उचलून बघत होता. डोंगरातल्या त्या वाडीत चौदा घरं होती, पण चूल दोनच घरांत पेटायची. एक त्याची, एक किनुची. बाकीच्यांना कुलपं.

"वरचं खाचर आहे की अजून," तो म्हणाला.

"आहे. तेही गेलं तर मी चालले लेकीकडे, हिरोशिमाला. तीन वर्षं डुकरं पोसतेय, भाऊजी. ऐंशीची झाले. पुरे की आता."

किनु गेली तर दिवसभरात भांडायला माणूस नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको सुएनो गेली, तेव्हा त्याने अन्न सोडलं होतं. दारात उभी राहून रोज शिव्या घालणारी हीच. मग त्यानेच एक रीत काढली. संध्याकाळी दोन रताळी उकडायची. एक ताटलीत घालून सुएनोच्या थडग्यावर ठेवायचं, एक घरी येऊन आपण खायचं. थडगं किनुच्या वरच्या खाचराच्या डोक्यावरच होतं.

"सकाळी ताटली लख्ख असते, वहिनी," तो एकदा तिला म्हणाला होता. "कावळे नेत असतील, कळतं मला. पण वाटतं, ती जेवली. मग माझ्याही घशाखाली घास उतरतो."

"जेवलीच म्हणा की," किनु म्हणाली होती. "जिवंतपणी तरी कुठे ताटात टाकायची ती?"

आता वरचं खाचर वाचवायचं, एवढंच इसामुच्या डोक्यात होतं. त्याने खाचराभोवती झटक्याची तार दोन पदरी ओढली. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत जाते, म्हणून रोज सकाळी विळा घेऊन तारेखालचं गवत कापायचा. गुडघे बोंबलायचे, पण एक दिवस चुकला नाही.

गावच्या कचेरीतून कानेदा आला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने देवदाराला एक कॅमेरा बांधला, खाचर आणि वरचा चढ दोन्ही दिसतील असा. खाचर किनुचं, म्हणून फोटो बघायचं काम किनुकडे.

"काहीतरी त्याला इथवर आणतंय," कानेदा म्हणाला. "पडलेली फळं, टाकलेलं अन्न. एकदा फुकटची चटक लागली की भात तो तोंडी लावायला खातो."

"आम्ही अन्न टाकतो होय?" इसामु भडकला. "शीतसुद्धा वाया घालवत नाही!"

"मग ते झाड बघा," कानेदाने त्याच्या अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाकडे बोट दाखवलं.

ते झाड सुएनोने लग्नाच्या वर्षी लावलेलं. चौपन्न वर्षांचं. दर पानगळीत ती फळं सोलून वळचणीला सुकत टांगायची. इसामु चार दिवस झाडाभोवती घुटमळला. पाचव्या दिवशी त्याने करवत काढली.

किनु धापा टाकत आली. "ठेवा ती खाली! झाडापायी नाही येत तो."

"मग कशापायी येतो?"

किनुने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. वाकून उगाच पायाजवळची पानं गोळा करू लागली.

"मला काय ठाऊक? मी काय डुकराची मावशी?"

"ठाऊक नाही ना? मग सरका."

अर्धा दिवस लागला. झाड पडलं तेव्हा इसामु खोडावर बसून पोराटोरासारखा रडला. शेजारी बसून किनुही बाहीने डोळे पुसत राहिली. त्याला वाटलं, मैत्रिणीच्या आठवणीने रडतेय.

"कॅमेऱ्यात काही आलं का?" त्याने नाक ओढत विचारलं.

"बिघडलाय तो. नुसता काळोख येतो."

कापणीला अकरा दिवस उरले असताना वरचं खाचर गेलं. चढाकडून उतरून, तार वाकवून डुक्कर आत शिरला होता. इसामुने वाकलेली तार सरळ करून पाहिली. किनुने एक लोंबी उचलली, नाकाशी नेली आणि टाकून दिली. रागावली नाही. त्यानेच डुकराच्या सात पिढ्या उद्धरल्या.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीची गाडी आली. दोन गाठोडी, एक पेटी. एवढाच संसार.

"जेवत जा वेळेवर," किनु गाडीत बसताना म्हणाली.

"कुणाबरोबर जेवू?"

"सुएनोबरोबर. जेवताय तसेच."

"नका जाऊ, वहिनी." आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला असं म्हटलं.

तिने त्याचा हात घट्ट दाबला. लेकीने गाडी सुरू केली.

दुपारी कानेदा कॅमेरा परत न्यायला आला. देवदारावरून सोडवून त्याने बटण दाबलं.

"बिघडलाय म्हणाल्या होत्या आजी. चांगला चालतोय की!" पुढचा फोटो आला तसं त्याचं बोट बटणावरच थांबलं. त्याने कॅमेरा इसामुच्या हातात दिला.

पहिला फोटो झाड तोडायच्या चार दिवस आधीचा, तिन्हीसांजेचा. सुएनोच्या थडग्यावर भलामोठा डुक्कर. तोंडात रताळं.

दुसरा त्याच जागेचा, पहाटेचा. थडग्याभोवतीची उकरलेली माती किनु हाताने सारखी करत होती.

तिसऱ्यात पुन्हा डुक्कर. चौथ्यात पुन्हा किनु. इसामु बटण दाबत गेला. एकही दिवस रिकामा नव्हता.

शेवटचा फोटो आजच्याच पहाटेचा होता. प्रवासाचे ठेवणीतले कपडे घालून किनु गुडघ्यांवर बसली होती आणि बाहीने ताटली लख्ख पुसत होती.