कुरतडलेला कोपरा

बिस्किटाचा कोपरा आजही कुरतडलेला होता.

सुनेने डबा खिडकीशी नेऊन पाहिला. लेकीसाठी, चिमणीसाठी, मुद्दाम लांबच्या दुकानातून आणलेली बिस्किटं. नवा पुडा काल संध्याकाळीच फोडून डब्यात भरला होता, आणि सगळ्यात वरच्या बिस्किटावर दातांची खूण होती.

"आई, हे तुम्ही खाल्लंत?"

"एवढंसं तर खाल्लं गं," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. "तोंडात टाकावंसं वाटलं."

"तुमच्यासाठी वेगळी आणलीत ना? ती तशीच पडलीत."

"ती नकोत मला."

नवरा बुटाची नाडी बांधत होता. "जाऊ दे ना," तो हसत म्हणाला. "म्हातारपणी जिभेचे चोचले वाढतात."

तिला हसू आलं नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नसे. गेल्या वर्षी शाळेत कुणीतरी चिमणीला केकचा घास भरवला. त्यात शेंगदाण्याचा कूट होता. पोरीचे ओठ बघता बघता सुजले आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ते अर्धं वाक्य तेव्हापासून तिच्या मानगुटीवर बसलं होतं.

घरातून दाणे हद्दपार झाले. दाराजवळच्या खुंटीवर, पुन्हा तसं झालं तर लगेच टोचायच्या इंजेक्शनची केशरी पिशवी लटकली. टोपण कसं काढायचं, मांडीवर कसं दाबून धरायचं, हे तिने चिमणीकडूनही घोकून घेतलं. बाहेरून काही आलं की पाकिटावरची बारीक अक्षरं आधी ती स्वतः वाचायची, मगच ते पोरीच्या हातात जायचं.

मग गुडघ्याचं दुखणं घेऊन सासूबाई कायमच्या राहायला आल्या. तिने पहिल्याच दिवशी त्यांना सगळे नियम सांगितले.

"दाणे नसले तर नसले, मला ते जन्मात रुचले नाहीत," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पण आमच्या वेळी एवढं स्तोम नव्हतं बाई."

म्हातारीला हे पटलेलं नाही, याची सुनेने तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

"आणि माझा नंबर बघ ना गं एकदा," त्या पुढे म्हणाल्या होत्या. "जवळचं काही दिसत नाही."

"या आठवड्यात नक्की."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर गावाचे नंबर, आणि घरच्या माणसाचा नंबर काही लागत नव्हता.

कुरतडण्याचं एक वेळ ठीक होतं. पण परवा ती लवकर घरी आली, तर टेबलावर चिमणीचा पाव होता. पोर हात मांडीवर ठेवून ताटकळत बसली होती, आणि त्याच पावाचा तुकडा खाऊन सासूबाई निवांत घड्याळाकडे बघत होत्या.

"थांब जरा," त्या नातीला म्हणत होत्या. "पळून नाही जात तो."

उपाशी लेकराला समोर बसवून स्वतः खायचं! असल्या बाईच्या भरवशावर आपण पोरीला रोज टाकून जातो!

आज तिला राहवेना. तिने बिस्किटांचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"आई, यापुढे तिच्या खाण्याला हात लावायचा नाही. काय द्यायचं ते मी आल्यावर देईन."

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

दुपारी ती यंत्रावर काच धरून बसली असताना शेजारणीचा फोन आला.

"अगं, ताबडतोब दवाखान्यात ये. तुमच्या घरून अँब्युलन्स गेलीय. सुजलेलं तोंड, श्वास लागलेला... मला बघवेना गं!"

तिच्या हातातली काच खाली पडून फुटली. ती चपला न घालताच रस्त्यावर धावली. तिने टॅक्सी पकडली. भरवलं म्हातारीने. स्तोम म्हणत होती ना, भरवलंच शेवटी. पोरीला काही झालं तर त्या बाईचं तोंड बघणार नाही, ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

ती धावतच दवाखान्यात शिरली. आत बाकावर चिमणी पाय हलवत बसली होती.

तिने पोरीला कवटाळलं. ओठ पाहिले, जीभ पाहिली, छातीला कान लावला. सगळं ठीक होतं.

"काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

नर्स बाहेर आली. "आजीबाई आत आहेत. आता श्वास नीट चाललाय. नातीने वेळेवर इंजेक्शन टोचलं म्हणून वाचल्या. त्यांना शेंगदाणे चालत नाहीत, तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. ती लेकीशेजारी बसली. आधी जीव भांड्यात पडला, मग डोक्यात तिडीक गेली. शेवटी अधाशीपणा नडलाच.

"काय खाल्लं आजीने?"

"शाळेत बिस्किटं वाटली होती," चिमणी म्हणाली. "मला खूप भूक लागली होती. आणि डबा कुलपात होता."

"मग तुझी बिस्किटं तिने का खाल्ली? हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"आजीला पाकिटावरचं वाचता येत नाही ना," चिमणी म्हणाली. "म्हणून माझं सगळं आधी ती खाऊन बघते. तिचे ओठ सुजले नाहीत, तरच मला देते."