नुसता फ्लॅश

आपल्या लग्नाचा अल्बम तिसऱ्यांदा चाळून झाल्यावर तिने दिगंबरला विचारलं, “काका, खाकी शर्टातल्या माणसाबरोबरचा माझा फोटो कुठे आहे?”

दिगंबर फोटोग्राफरला तो माणूस लगेच आठवला. तिच्या मामाने तीनच रोलचे पैसे ठरवले होते. शेवटच्या रोलवर चार फोटो उरले होते आणि सासरची मंडळी अजून स्टेजवर यायची होती. अशा वेळी आगंतुकांसाठी सगळेच फोटोग्राफर करत, तेच त्यानेही केलं होतं. रांगेच्या शेवटी घुटमळणाऱ्या त्या माणसाला तिच्या शेजारी उभं करून, “जरा हसा,” म्हणत फोटो न काढता नुसता फ्लॅश मारला होता.

“ते माझे वडील,” ती म्हणाली. “आईला सोडून गेल्यावर बारा वर्षांनी आले होते. परवा वारले. भिंतीवर लावायला त्यांचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे.”

“रोलचा तेवढा भाग खराब झाला, बाळ,” तो खाली मान घालून म्हणाला.

तिने अल्बम मिटला.

“असू दे, काका. स्टेजवरून उतरताना खूश होते ते. म्हणाले, ‘चला, आपला एक तरी फोटो झाला.’”