यंदाचा शनी

मोटरी पुन्हा गुरगुरू लागल्या, तसा पौर्णिमानं मोबाइलवरचा त्यांच्या जोराचा आकडा कमी केला. गुरगुर थांबली, पण दुर्बिणीच्या काचेतला शनी हळूहळू कडेला सरकू लागला. तिनं आकडा परत वाढवला.

डिसेंबरातला दिवस मावळून तासच झाला होता. माकणीतल्या त्यांच्या घराच्या स्लॅबवर धरणाकडून गार वारा येत होता. दुर्बिणीखालचा लोखंडी सांगाडा पौर्णिमानं स्वतः वेल्डिंग करून बनवला होता. सोलापूरच्या ज्या कारखान्यात ती मशीन दुरुस्तीला होती, तिथं भंगारात निघालेल्या दोन सर्वो मोटरी त्याला बसवल्या होत्या. आकाश सरकेल तशी दुर्बीण सरकवायची, एवढंच त्यांचं काम. जोर कमी पडला की त्या मागं राहायच्या. जास्त झाला की नेम साधताना पुढं जायच्या, परत मागं यायच्या, आणि अख्खी दुर्बीण थरथरायची.

हातानं फिरवलेल्या दुर्बिणीत शनी अर्धं मिनिट टिकायचा. आई सरुबाईला तेवढं पुरलं होतं. वडील व्यंकट यांना पुरलं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. काही बघायचं तर नजर बाजूला नेऊन, कडेनं चाचपडत शोधावं लागे. सापडेपर्यंत शनी निघून गेलेला असे. उन्हाळ्यापर्यंत जेवढं बघायचं तेवढं बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आता बघा आबा."

व्यंकट स्टुलावर बसले. काचेला डोळा लावून बराच वेळ मान इकडंतिकडं करत राहिले.

"दिसला का?"

"व्हय, दिसला की." त्यांनी डोळा काढला. "पिवळाधमक हाय. भवतीनं हे एवढं रुंद कडं, जरा तिरकं. लई झ्याक."

तीस वर्षं व्यंकट यांनी तालुक्यातल्या शाळांच्या भिंती रंगवल्या होत्या. प्रत्येक भिंतीवर शनी होता, पिवळा, रुंद कड्याचा, जरा तिरका.

तिनं वाकून काचेला डोळा लावला. शनी एका जागी ठरत नव्हता, नुसता थरथरत होता. आणि यंदा त्याचं कडं पृथ्वीकडं धार करून होतं. रुंद नव्हतंच. गोळ्याच्या आरपार गेलेली एक बारीक रेघ, बस.

"आबा, तुम्हाला दिसला न्हाय."

व्यंकट तळहातानं गुडघा चोळत राहिले. खाली सरुबाईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"दोन महिनं झालं, दर रविवारी ह्याच्यापाशीच बसतीस," ते म्हणाले. "किती बसशील? म्हणून म्हणलं."

"न्हाय दिसला तर न्हाय म्हणा. तुम्हीच असं सांगाया लागल्यावर मला कळावं कसं, किती कमी करायचं ते?"

तिनं त्यांना परत स्टुलावर नीट बसवलं. मोबाइल हातात घेऊन शेजारी उभी राहिली.

"सांगा."

"हालतोय."

तिनं आकडा उतरवला. "आता?"

"अजून हालतोय. पाण्यातल्यावानी."

"आता?"

"कमी झालं... आता कडंला चाललाय. चालला, चालला."

तिनं अगदी थोडासा वाढवला आणि थांबली. मोटरींचा आवाज आता येतच नव्हता. व्यंकट यांनी मान जराशी उजवीकडं वळवली आणि तिथंच धरली. पौर्णिमानं विचारलं नाही.

"पौर्णिमा."

"हं."

"ह्याला कडं कुठाय गं? गोटीत सुई खुपसल्यावानी दिसतंय हे."

पौर्णिमानं मोबाइल खिशात टाकला.

"यंदा तसाच हाय, आबा."

जिन्यातून सरुबाईनं हाक मारली, भाकरी गार होतेय म्हणून.

"तुम्ही दोघी जेवून घ्या," व्यंकट काचेवरचा डोळा न काढता म्हणाले. "ह्यो अजून हालंना."