पाठ सोललेला बैल

१९६१ साली डोंगरसिंगाच्या थोरल्याचं, प्रेमसिंगचं लग्न झालं. मांडव उतरून चार दिवस होत नाहीत तोच डोंगरसिंग गाडी जुंपून बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. मुकुटबनहून केळापूरकडच्या तिच्या तांड्यापर्यंत बैलांना अख्खा दिवस लागला होता. सख्खी बहीण लग्नाला आली नाही, हा राग त्यानं वाटभर पोटात ठेवला होता.

मोतीबाई चुलीपाशी पीठ मळत होती. तिच्या पाठीला टेकून मानी बसली होती. मानी तिची एकुलती एक लेक, चौदा वर्षांची; नवऱ्यामागं घरात दोघीच. पाय जन्मापासून लुळे आणि जीभही वळत नव्हती. मामाला पाहून मानी आनंदानं ओरडली, आईच्या दंडावर हात आपटू लागली. तेव्हा कुठं मोतीबाईनं मान वर केली.

"कोण आलं?"

"भाऊ आला. वळख तरी ठेव."

"भिया, तू व्हय? लय धूर झाला रे चुलीचा."

तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याच्या हातापासून वीतभर बाजूला. डोंगरसिंगानं सरकून घेतला. बहीण किती थकली आहे ते त्याला तिथंच कळलं.

"लग्नाले काहून नाही आली?"

"इले घेऊन कुठी येऊ?"

एवढ्यावर त्याचा राग गेला.

संध्याकाळी तो बैलांना पेंढी टाकत असताना शेजारची तुळसाबाई कुंपणाशी आली.

"तुमची बहीण मोठी गर्वाची झाली, भाऊ. समोरून गेलं तरी बोलत नाही. आपण हाक मारावी तेव्हा बाईसाहेब बोलते."

"दमली असन."

"दमन नाही तर काय? पोरगी पाठीवर बांधल्याबिगर घराबाहेर पाऊल टाकत नाही. पाण्यालेही तिले घेऊनच जाते, पहाटे, कोणी नसताना. एक दिवस तांड्याच्या नाईकानं मदतीले माणूस देतो म्हटलं, तर नाही म्हणाली. खांदे पाहा तिचे एकदा."

त्यानं पाहिले. झोळीच्या गाठींनी दोन्ही खांदे सोलून लाल झाले होते.

डोंगरसिंगाच्या बापानं जन्मभर लदेणी केली होती, बैलांच्या पाठीवर धान्यामिठाच्या गोण्या लादून मुलूख पायाखाली घातला होता. पाठ सोललेल्या बैलाची गोणी आधी उतरवायची, त्याला आठ दिवस मोकळा ठेवायचा, हे डोंगरसिंगाला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. बैलासाठी जे करतो ते बहिणीसाठी का करू नये, असं त्याला वाटलं.

सकाळी त्यानं सांगितलं, "मानीले मी नेतो. आठ दिवस. तुही वहिनी नंदा पाहीन तिच्याकडं. तू नुसती नीज."

मोतीबाईचा हात पिठातच थांबला. "नको, भिया."

"कायले नको?"

"तिच्याबिगर मले जमत नाही."

"जमन. चौदा वर्सं झाली, कोणी तुले एक दिवस सुट्टी देल्ली काय?"

"मंग मलेही घेऊन चाल."

"मंग आराम कोणाले? तिथंही तूच उचलशील तिले."

तिनं पिठाचा हात पुसला. मग हळूच म्हणाली, "भिया, एक सांगू?"

"सांग न."

दाराशी तुळसाबाईच्या पायातले वाळे वाजले. मोतीबाईनं तिकडं कान दिला आणि तोंड मिटलं. या तांड्याच्या नाईकानं मागंच बोलून ठेवलं होतं की, मोतीबाईच्यानं होत नसेल तर सांगावं, पोरीला नागपुरास आश्रमात घालू. तेव्हापासून मोतीबाईनं कोणापाशी डोकं दुखल्याचंही सांगितलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी धडधाकट हाय, एवढं नाईकाले सांगजो. अन् आठच दिवस."

"आठच."

त्यानं मानीला पाठंगुळी घेतलं. ती हंबरडा फोडून रडत होती. गाडी आदल्या सांजेला विहिरीपलीकडं नेऊन सोडली होती. वाटेत दगड आला की मानीचा तळवा त्याच्या एका खांद्यावर दाबायचा, वळण आलं की दुसऱ्या.

"मले बैल समजली काय, पोट्टे?" डोंगरसिंग हसला. बिनकठड्याच्या विहिरीजवळून जाताना तर तिनं दोन्ही तळव्यांनी त्याचे खांदे असे आवळले की तो कळवळला.

मुकुटबनला नंदाबाईनं तिला न्हाऊ घातलं, दूधभात पुढं ठेवला. मानीनं घास घेतला नाही. ती केळापूरच्या दिशेनं हात करायची आणि जमिनीवर तळवे आपटायची.

"आईची सवय हाय," नंदाबाई म्हणाली. "दोन दिवसांत इसरन."

चौथ्या दिवशी तांड्याहून माणूस आला. डोंगरसिंगानं मानीला तशीच गाडीत घातली.

ते पोचले तेव्हा मोतीबाईचं दहन होऊन गेलं होतं. झोपडी उघडीच होती. पोरीला बांधायची ती जाड झोळी फाडून तिच्या पट्ट्या केल्या होत्या, पट्टीला पट्टी गाठली होती. खाटेजवळच्या खांबापासून चुलीजवळच्या खुंटीपर्यंत एक, खुंटीपासून दाराच्या चौकटीपर्यंत दुसरी, अशा त्या कमरेइतक्या उंच ताणून बांधल्या होत्या. कापड तिथंच संपलं होतं.

तुळसाबाई म्हणाली, "हे कायचं बांधलं म्हणावं, भाऊ? कपडे तर वाळत नव्हते त्याच्यावर."

डोंगरसिंग पट्टी हातानं धरत खाटेपासून दारापर्यंत आला. मानीला पाठीवर घेऊन तो विहिरीकडं निघाला. चार पावलांत त्याला रडू फुटलं. फेट्याचं टोक डोळ्यांवर दाबून तो तसाच, काही न दिसता, चालत राहिला. मानीचा तळवा उजव्या खांद्यावर दाबला, तो उजवीकडं वळला. मग डाव्या खांद्यावर, तो डावीकडं वळला. मग दोन्ही तळवे एकदम, घट्ट. तो थांबला. टोक काढून पाहिलं तर अंगठ्यापुढं विहिरीची कड होती. मोतीबाई वारली ती १९६१ च्या वैशाखात, पोरीला पाठीवरून उतरवल्याच्या तिसऱ्या पहाटे, घागर घेऊन एकटीच पाण्याला जाताना, याच विहिरीत पडून.